उसाचे इथेनॉल टाकीत गेले, तर तेल किती वाचते?

२०२५ च्या ऑगस्टपासून सोलापुरातल्या गॅरेजांत एकच विषय आहे : पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढले आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज घसरले. हंगामात टेंभुर्णीच्या रस्त्यावर ट्रॉलीमागे ट्रॉली लागते, तेव्हा ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला मात्र ऐकायला मिळते, की तुझ्या उसावर आता देशाची गाडी चालणार, परदेशी तेलाची गरज संपणार. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, पण दोन्हींत हिशोब अर्धा मांडलेला असतो. तो पुरा करायचा तर नुसते लिटर मोजून भागत नाही. ताकद मोजावी लागते, पैसा मोजावा लागतो आणि आपल्या जिल्ह्यात सगळ्यात आधी पाणी मोजावे लागते.

इथेनॉल तयार कसे होते

इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. साखर असलेल्या द्रवात यीस्ट सोडले की ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. डिस्टिलरीत मळी, म्हणजे साखर काढून उरलेला दाट पाक, पाण्याने पातळ करून मोठ्या टाक्यांत साधारण एक ते दीड दिवस आंबवतात. तयार झालेल्या द्रवात अल्कोहोल जेमतेम ८ ते १२ टक्के असते. मग उंच स्तंभांत उकळून वाफ वेगळी करायची. पण ९५ टक्क्यांच्या आसपास गाडी अडते, कारण त्या टप्प्यावर पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात, कितीही उकळले तरी वेगळे होत नाहीत. उरलेले पाणी काढायला वाफ झिओलाइटच्या बारीक मण्यांमधून सोडतात. या मण्यांची छिद्रे एवढी लहान असतात की पाण्याचा कण आत अडकतो आणि अल्कोहोलचा कण पुढे जातो. असे ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध झालेले इथेनॉलच पेट्रोलमध्ये चालते.

मिसळण्याचे काम कारखान्यात होत नाही. पेट्रोल मुंबईहून पुण्यामार्गे पाइपलाइनने सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोपर्यंत येते. इथेनॉल त्या पाइपलाइनमधून पाठवत नाहीत, कारण लांबच्या प्रवासात ते वाटेतले पाणी आणि गाळ ओढून घेते. ते टँकरने डेपोत येते आणि पंपाकडे जाणारा टँकर भरताना पेट्रोलमध्ये सोडले जाते. शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल असले की ते ई-२० पेट्रोल.

एक टन उसाच्या तीन वाटा

एकाच चहापावडरीचा पहिला चहा कडक होतो, दुसरा बरा, तिसरा फिका. साखरेचे तसेच आहे. रस आटवून दाणे काढले की उरलेल्या पाकातून पुन्हा दाणे काढतात आणि मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या फेरीनंतर जी दाट काळी मळी उरते ती सी-हेवी. तिसरी फेरी न करता आधीच बाजूला काढलेली, जास्त साखर असलेली मळी म्हणजे बी-हेवी. आणि दाणे न पाडता थेट रसच आंबवला तर ती तिसरी वाट.

आपल्या भागात दहा टक्के उतारा, म्हणजे उसाच्या वजनाच्या दहा टक्के साखर, धरून एक टन उसाचा अंदाज असा. सी-हेवीच्या वाटेने १०० किलो साखर आणि वर १०-११ लिटर इथेनॉल. बी-हेवीने साखर ८५ किलोवर येते, इथेनॉल २० लिटरपर्यंत जाते. सगळा रस वळवला तर साखर शून्य आणि इथेनॉल ७० लिटर. लक्षात ठेवायला सोपे माप : एक किलो साखर सोडली की सुमारे ०.६ लिटर इथेनॉल हाती लागते.

कारखान्यांना ते का हवे असते

उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत द्यावा असा कायदा आहे. पण साखर विकायला महिनेच्या महिने जातात. पोती गोदामात, त्यावर बँकेचे कर्ज, कर्जावर व्याज आणि शेतकऱ्याची थकबाकी, हे चक्र सोलापूर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या साधारण तीन आठवड्यांत देतात. कारखान्याच्या दृष्टीने खरा गोडवा या लवकर येणाऱ्या पैशात आहे.

नफ्याचे गणित मात्र काठावरचे असते. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात सरकारने ठरवलेले दर असे : सी-हेवीच्या इथेनॉलला लिटरला ५७.९७ रुपये, बी-हेवीला ६०.७३ आणि थेट रसाच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये. आता बी-हेवीची वाट धरली तर १५ किलो साखर हातची गेली आणि सी-हेवीचे ११ लिटरही गेले, ज्यांचे ६३८ रुपये झाले असते. बदल्यात २० लिटरचे १,२१५ रुपये मिळाले. फरक ५७७ रुपये. तो १५ किलोवर वाटला तर किलोला साडेअडतीस रुपये येतात. म्हणजे कारखान्याच्या दारात साखर ३८ रुपयांच्या खाली असेल तर बी-हेवी परवडते, वर गेली की साखरच बरी. डिस्टिलरीचे इंधन, रसायने आणि पगार धरले तर ही रेघ आणखी खाली सरकते.

बी-हेवी आणि रसाच्या इथेनॉलचे हे दर २०२२-२३ पासून आहे तिथेच राहिले. त्याच काळात एफआरपी क्विंटलला ३०५ वरून ३१५, मग ३४० आणि २०२५-२६ साठी ३५५ रुपये झाली. कच्चा माल महाग होत गेला आणि मालाचा दर गोठला. त्यातच डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक बंदी घातली, आठवडाभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेपुरती परवानगी दिली आणि पुढच्या वर्षासाठी मर्यादाच काढली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारणाऱ्या सहकारी कारखान्याला असे झटके सोसत नाहीत. धोरणाचा हा धरसोडपणा मोठा दोष आहे, आणि त्याची किंमत शेवटी सभासदाच्या बिलातून वसूल होते.

मग तेल किती वाचते?

एक शेर ज्वारी आणि एक शेर ज्वारीच्या लाह्या. माप तेच, पण पोट सारखे भरत नाही. पेट्रोल आणि इथेनॉलमधला फरक इतका टोकाचा नाही, पण जात तीच. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे एक लिटर इथेनॉल सुमारे दोन तृतीयांश लिटर पेट्रोलचे काम करते.

आता देशाचा हिशोब. २०२४-२५ मध्ये सुमारे १,००० कोटी लिटर इथेनॉल पेट्रोलमध्ये गेले. ताकदीच्या मापाने ते ६६० कोटी लिटर पेट्रोल, वजनात जवळपास ५० लाख टन. त्याच वर्षी देशात पेट्रोल खपले सुमारे ४ कोटी टन, डिझेल ९ कोटी टनांवर आणि सगळी पेट्रोलियम उत्पादने मिळून जवळपास २४ कोटी टन. ५० लाख टन हा त्यातला दोन टक्क्यांचा वाटा. पंपावर ‘२० टक्के’ लिहिलेले असते म्हणून आयातही २० टक्क्यांनी घटली असे अनेकांना वाटते. ते खरे नाही.

दोन टक्के म्हणजे काहीच नाही असेही समजू नये. कच्च्या तेलाच्या आयातीवर वर्षाला १०० अब्ज डॉलरहून अधिक खर्च होतो. त्यातले दोन टक्केही मोठी रक्कम आहे आणि ती गावाकडे वळते. फक्त या रकमेला ‘तेलाला पर्याय’ म्हणता येत नाही. ऊस ओढणारा ट्रॅक्टर, साखर नेणारा ट्रक आणि एसटी डिझेलवर चालतात, आणि डिझेलमध्ये इथेनॉल नीट मिसळून राहत नाही.

उसाच्या बाजूने एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. डिस्टिलरीला लागणारी वाफ आणि वीज चिपाड जाळून मिळते, बाहेरचे इंधन फारसे लागत नाही. मक्यापासून इथेनॉल करताना बॉयलरला बऱ्याच ठिकाणी कोळसा घालावा लागतो.

अ‍ॅव्हरेज खरंच कमी होते का?

होते. ऊर्जेच्या गणिताने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये ताकद सुमारे ७ टक्क्यांनी कमी आहे. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकीला ६-७ टक्के आणि दुचाकीला ३-४ टक्के घट अपेक्षित धरली आहे, ई-२० साठी जुळवलेल्या नव्या गाडीला १-२ टक्के. नव्या गाडीला फटका कमी बसतो, कारण इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त आहे, म्हणजे ते इंजिनात अवेळी पेटत नाही आणि इंजिन जास्त दाबावर चालवता येते. लिटरला ५० किलोमीटर देणारी दुचाकी ४८ देऊ लागली तर ते या गणितात बसते. ती ४० वर आली असेल तर इथेनॉलला दोष देऊन थांबू नका. एअर फिल्टर, प्लग, टायरची हवा आणि ब्रेक घासतो का, हे आधी पाहा.

‘ताकद कमी तर दरही कमी का नाही?’ हा ग्राहकाचा प्रश्न रास्त आहे. ई-२० वर ग्राहकाला करसवलत मिळावी असे त्याच अहवालात सुचवले होते. पण इथेनॉलची खरेदीच महाग झाली. वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी खर्च २०२५ च्या जुलैअखेर लिटरला ७१.३२ रुपये होता, असे सरकारने जाहीर केले. ब्राझीलमध्ये पंपावर दोन्ही इंधने वेगवेगळी मिळतात आणि तिथला चालक साधा नियम वापरतो : इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्के दरात किंवा त्याहून स्वस्त असेल तरच भरायचे. आपल्याकडे बहुतेक पंपांवर निवडच नाही. जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचे पेट्रोल ठेवावे ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

जुन्या गाडीला काय होऊ शकते

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पाइप, सील आणि टाकी ई-२० सहन करतील अशा साहित्याची आहेत. त्याआधीच्या गाडीचे मॅन्युअल उघडून पाहा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ई-१० पर्यंतचीच हमी दिलेली असते.

पहिला त्रास रबराचा. साधा रबरी पेट्रोल पाइप इथेनॉलने फुगतो, पुढे कडक होऊन टोकाला तडकतो. कार्बोरेटरमधली (जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गळते. दुसरा त्रास गाळाचा. इथेनॉल टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा चिकटा आणि गंज सोडवते, तो पुढे जाऊन फिल्टर चोक करतो. ई-२० सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत फिल्टर एकदा जास्त बदलला तर हा प्रश्न बहुधा मिटतो. तिसरा त्रास मिश्रणाचा. एक किलो पेट्रोल जळायला साडेचौदा किलोहून थोडी जास्त हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. कार्बोरेटरच्या जेटचे भोक ठरलेले असते, त्यामुळे ई-२० वर इंधन कमी आणि हवा जास्त होते. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, मिसिंग करते, इंजिन तापते. फ्यूएल इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने हे माप स्वतः सुधारून घेते.

चौथा त्रास पाण्याचा, आणि त्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. थोडे पाणी त्यात विरघळून राहते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलमधून सुटते आणि तळाशी बसते. इंजिनाकडे पेट्रोल नेणारी नळी टाकीच्या तळाशीच असते, म्हणून गाडी एकदम बंद पडते. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवा कमी राहील. कार्बोरेटरची गाडी असेल तर बाऊलमधले पेट्रोल काढून टाका.

पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतही हेच घडू शकते. तिथे पाणी तपासायला मोजपट्टीला रंग बदलणारी पेस्ट लावतात. साधी पेस्ट इथेनॉल मिसळलेले पाणी ओळखू शकत नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट लागते. जोरदार पावसानंतर पंपचालकाला ‘तळाचे पाणी कोणत्या पेस्टने तपासले?’ हे विचारायला संकोच करू नका.

मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो : बाटलीत पेट्रोलमध्ये पाणी ओतले आणि ‘पेट्रोलमध्ये पाणीच पाणी’ निघाले. त्यात दिसते ते वेगळे आहे. काचेच्या मोजपात्रात १०० मिलिलिटर पेट्रोल आणि १०० मिलिलिटर पाणी घेऊन हलवले आणि दहा मिनिटे स्थिर ठेवले, तर ई-२० असल्यास खालचा थर १२० च्या आसपास जातो आणि वर ८० उरते. वाढलेला २० चा थर म्हणजे पेट्रोलमधून पाण्यात उतरलेले इथेनॉल. हा प्रयोग इथेनॉल किती आहे ते सांगतो, भेसळ सांगत नाही. तो उघड्यावर करावा, जवळ आग किंवा बिडी नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नये.

आता पाणी

भुईपाट पद्धतीने, म्हणजे पाटाचे पाणी थेट शेतात सोडून, वर्षभर ऊस पिकवायला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. एकराला ते ८० लाख लिटर होते. ४० टन ऊस निघाला तर टनाला २ लाख लिटर. एका टनातून ७० लिटर इथेनॉल, म्हणजे एका लिटरमागे सुमारे २,८६० लिटर पाणी. निती आयोगाच्या अहवालातला आकडाही हाच आहे. दुचाकीत दोन लिटर ई-२० भरले तर त्यातले इथेनॉल ४०० मिलिलिटर. ते थेट रसाचे असेल तर त्यामागे १,१४० लिटर पाणी शेतात गेलेले असते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरूनही वर पाणी उरेल.

सोलापुरात पाऊस पडतो सरासरी साडेपाचशे मिलिमीटर. एकरावर पडलेला थेंब न् थेंब धरला तरी तो २२ लाख लिटर होतो. बाकीचे पाणी उजनीचे आणि बोअरचे. उजनी धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते, त्यातले वापरण्याजोगे ५३-५४, बाकीचा मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले, म्हणजे मृतसाठ्यातूनच उपसा चालला होता. ज्या शहराने अनेक वर्षे चार-चार दिवसांनी नळाला पाणी पाहिले, त्याच्यासाठी हे आकडे कागदावरचे नाहीत. ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे १९७५ पासून हा कार्यक्रम चालू आहे, पण तिथला बहुतेक ऊस बाराशे-पंधराशे मिलिमीटरच्या पावसावर येतो. त्यांच्याकडे आभाळ देते ते इथे पंपाने उपसावे लागते.

यावर ठरलेली हरकत येते : ‘ऊस तर तसाही लावणारच, मग इथेनॉल केले तर पाणी जास्त कुठे लागले?’ ती सी-हेवीच्या बाबतीत पूर्ण बरोबर आहे. मळी साखरेबरोबर निघणारच, तिचे इथेनॉल करणे चांगलेच. जादा साखर गोदामात सडवण्यापेक्षा बी-हेवीने वळवणेही समजण्यासारखे आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा इथेनॉलच्या भरवशावर नवे एकर उसाखाली जातात आणि नवी डिस्टिलरी ते एकर कायमचे धरून ठेवते. माझे मत स्पष्ट आहे : असलेल्या उसाच्या मळीचे इथेनॉल जरूर व्हावे, इथेनॉलसाठी म्हणून सोलापुरात उसाचा एकही नवा एकर वाढू नये.

शेतकऱ्याला दोष देऊन मात्र हे सुटणार नाही. दर कायद्याने ठरलेला आणि गिऱ्हाईक ठरलेले, असे ऊस हेच पीक त्याच्या हाताशी आहे. सोलापूर बाजार समितीत कांद्याचा भाव दोन दिवसांत पडताना ज्याने पाहिला, तो ऊस का सोडत नाही हे विचारायची गरज नाही. ठिबकने पाणी निम्म्याच्या आसपास वाचते, पण वाचलेले पाणी शेजारच्या एकरातल्या उसालाच गेले तर धरणाच्या पातळीत फरक पडत नाही. ठिबकच्या अनुदानाबरोबर ‘वाचलेले पाणी कुठे जाईल’ हेही ठरले पाहिजे.

मका आणि ज्वारी

मक्याच्या एका टनातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते आणि पाणी उसापेक्षा बरेच कमी लागते, म्हणून सरकारचा कल आता तिकडे आहे. २०२४-२५ मध्ये त्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर होता. मका उत्पादकाला भाव मिळाला, पण कोंबडीचे खाद्य महागले.

काडीकचऱ्यापासूनही इथेनॉल होते. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून ते बनवण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे मात्र कडबा कचरा नाही, तो जनावराचा घास आहे. दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी धान्याच्या तोडीने विकली जाते.

जास्त जवळची वाट गोड ज्वारीची आहे. तिच्या धाटात उसासारखा गोड रस असतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘मधुरा’ ही जात त्यासाठीच विकसित केली आणि २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात गोड ज्वारीला जागा आहे. पीक चार महिन्यांत येते, पाणी उसाच्या मानाने फारच थोडे, वर कणसाचे धान्य आणि चोथ्याचे वैरण. खरिपात पेरली तर ती ऑक्टोबरच्या आसपास, उसाचे गाळप सुरू होण्याआधी तोडणीला येते, जेव्हा कारखाना रिकामा असतो. अडचणी खऱ्या आहेत. धाट तोडल्यापासून रसातली साखर झपाट्याने उतरते, त्यामुळे ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी गाळावे लागते. शेत कारखान्यापासून लांब नसावे. तोडणीची टोळी दसऱ्याआधी फडात येत नाही. आणि उसासारखा आधी ठरलेला दर नसेल तर मोहोळ-मंगळवेढ्याचा शेतकरी नेहमीची मालदांडी ज्वारी सोडून ती पेरणार नाही. पहिला हंगाम घ्यायचा तर कारखान्याने पेरणीआधीच टनाचा दर लिहून द्यायला हवा, आणि तोडणीच्या तारखा गावनिहाय वाटून.